थोरल्याचं हिरवं पाकीट

प्रदर्शनात शिरलं की जगातली सगळी माणसं कलाकृतीच्या समोर उभी राहतात. आमच्या वेंगताई थेट मागे जातात. वायर कुठून आली, कुठल्या खोक्यात शिरली, खोक्याला हवा खेळायला जागा ठेवली आहे का, हे सगळं वाकून बघून झालं की गुडघ्यावरची धूळ झटकत पुढे येतात, कलाकृतीकडे एक ओझरती नजर टाकतात आणि निकाल देतात, "बरी आहे. पण आतला पंखा धुळीनं भरलाय. दुपार बघायची नाही ही."

हाँगकाँगच्या कलाजत्रेत एका उजेडाच्या कारंज्याचं भविष्य त्यांनी असंच वर्तवलं. कारंजं तीन वाजता विझलं. तीन वाजून पाच मिनिटांनी त्या दालनातली काळ्या कपड्यांतली मुलगी आम्हाला शोधत आली आणि अदबीनं म्हणाली, "मॅडम, आपण कुणाच्या संग्रहासाठी बघताय?" तिची चूक नव्हती. ताईंच्या पायात निळ्या-पांढऱ्या रबरी सपाता होत्या आणि डोक्यावर खतांच्या कंपनीची फुकटची टोपी. तैवानचा खरा गडगंज माणूस असाच दिसतो, हे त्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला आत बसवलं, फेसाळती वाइन दिली. ताईंनी ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पोरी, गरम पाणी मिळेल का गं?" त्यावर तर ती मुलगी आणखीच वाकली. गरम पाणी मागतात म्हणजे फारच मोठं घराणं!

वास्तविक ताईंचं घराणं म्हणजे तैवानातल्या चिआयी शहराच्या कोर्टामागच्या गल्लीतलं झेरॉक्सचं दुकान. माझं औषधाचं दुकान त्याला लागून. पस्तीस वर्षं आमच्या मध्ये एक भिंत होती आणि त्या भिंतीतून मला तिन्ही यंत्रांची तब्येत ऐकू यायची. ताईंनी त्यांना नावं ठेवली होती: थोरला, मधला आणि धाकटी. धाकटी भराभर कामं उरकायची, मधला तसा बिनतक्रार. थोरला मात्र दीडशे किलोचा, बावीस वर्षं नोकरी झालेला आणि दमट दिवसांत हमखास रुसणारा. कोर्टातली आणीबाणीची कागदपत्रं नेमकी दमट दिवसांतच यायची. मग भिंतीपलीकडून ताईंचा आवाज यायचा, "काय झालं रे राजा? कुणी काही बोललं का तुला? चल, एवढी पन्नास पानं काढ. मग झोप."

तिघांच्या डोक्यावर एकेक हिरवं पाकीट असायचं. मक्याच्या कुरकुरीत फुग्यांचं, नारळाच्या चवीचं. पाकिटावर नावच असं, की 'शहाण्यासारखं वाग.' आमच्याकडे यंत्र म्हटलं की त्याच्यावर हे पाकीट आलंच. बँकेत पैसे देणाऱ्या यंत्रावर असतं, पोलीस ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर असतं, इस्पितळात तर जिथे माणसाचा जीव टांगलेला तिथे दोन-दोन असतात. माझ्या दुकानातल्या लशींच्या फ्रिजवरही आहे. विज्ञानावर आमचा पूर्ण विश्वास आहे. पाकीट फक्त वर ठेवायचं. नियम तीनच. पाकीट हिरवंच हवं, पिवळं किंवा लाल ठेवलं तर यंत्र बिथरतं. मुदत संपलेली नको. आणि ठेवलेलं पाकीट कुणी खायचं नाही. तिसऱ्या नियमाचा संबंध पुढे माझ्याशी येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पेइरोंग ही त्या दुकानातली सगळ्यांत चमत्कारिक गिऱ्हाईक. कॉलेजची पोर, चित्रं काढायची. स्वच्छ प्रत दिली तर हिरमुसायची. "मावशी, अजून काळी काढ ना. अजून. अजून खराब." आणि यंत्रात अडकून चुरगळलेली, वाया गेलेली पानं टोपलीतून उचलून घरी न्यायची. ताई म्हणायच्या, "हिच्या आईनं हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं." पुढे दुकान बंद झालं. मधला आणि धाकटी भंगारात गेली. थोरल्याला न्यायला ट्रक आला त्या दिवशी पेइरोंग ट्रकच्या आडवी उभी राहिली. "मावशी, हा मला दे." ताईंनी दिला. तिच्या आईनं दिवाणखान्यात यंत्र बघितलं आणि आठवडाभर कुणाशी बोलली नाही.

पेइरोंगची चित्रं पहिल्यांदा परदेशात लागली ती त्या हाँगकाँगच्या जत्रेत, एका कोपऱ्यात, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर. तिनं ताईंना आवर्जून बोलावलं. ताई एकट्या कशा जाणार, म्हणून मी आणि माझी बायको सोबतीला गेलो. बायको चित्रं बघायला, मी पिशव्या उचलायला. तिथून ताईंना जो नाद लागला तो लागलाच. एरवी आमच्या वयाची माणसं परदेशी जातात ती गरम पाण्याच्या कुंडात बसायला आणि औषधांच्या दुकानातून गुडघ्याच्या पट्ट्या आणायला. ताईंच्या कॅलेंडरवर मात्र लाल गोल असायचे: मार्चमध्ये हाँगकाँग, सप्टेंबरमध्ये सोल, मधेच ओसाका. प्रत्येक जत्रेत एक कापडी पिशवी फुकट मिळते. त्यांच्याकडे एकतीस आहेत. प्रदर्शनाची जाडजूड पुस्तकं त्या उघडतात, वास घेतात आणि सांगतात, "लाल रंग सरकलाय केसभर. छपाईवाल्याला घरी जायची घाई होती."

सोलमध्ये एक अख्खं दालन एका पांढऱ्या कॅनव्हासला वाहिलेलं होतं. तिथल्या तरुणानं दहा मिनिटं शून्याविषयी सांगितलं. बायको मन लावून भाषांतर करत होती. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याला सांग, माझ्याकडे अशी दिवसाला पन्नास निघायची. टोनर संपला की." त्या तरुणानं खिशातून वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतलं. ताईंना वाटलं, तो तक्रार करणार. मला वाटतं, पुढच्या जत्रेत त्यानं ते गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल.

तर अशा या वेंगताईंना यंदाच्या वसंतात पेइरोंगचा फोन आला. ताई तेव्हा माझ्या दुकानात रक्तदाब मोजत बसल्या होत्या.

"मावशी, थोरला जपानला आलाय!"

"कुठे?" रक्तदाबाचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत वर चढला.

"हाजेशिमा बेटावर! कलामहोत्सव आहे. बंद पडलेल्या शाळेत मास्तरांच्या खोलीत ठेवलाय त्याला. येणारा माणूस काचेवर तळहात ठेवतो, दोन प्रती निघतात. एक त्याला, एक भिंतीला. भिंत भरत चाललीये मावशी, हातच हात!"

"बाई बाई! अगं, त्याला बोटीतून नेलंस? समुद्राची हवा त्याला सोसेल का?"

"सोसतेय. ऐक ना, शनिवारी दोन वाजता समिती येणार आहे. त्यांना आवडलं तर थोरला कायमचा त्या शाळेत राहणार. खोली त्याचीच."

"आणि नाही आवडलं तर?"

"परत आणायला परवडायचं नाही मावशी. तिथेच भंगारवाला येईल."

ताईंनी दंडाचा पट्टा टरकन ओढून काढला. "लिआव," त्या मला म्हणाल्या, "दुकानाला कुलूप लाव. आपण निघालो."

ताई, मी आणि बायको शुक्रवारी संध्याकाळी ताकामात्सुला, बेटाची बोट सुटते त्या गावी, उतरलो. ताईंच्या सामानात अननसाच्या वड्यांचे आठ डबे होते (आमच्याकडचा माणूस भेटवस्तू न घेता शेजारच्या घरीही जात नाही, मग परदेशी कसा जाईल), आणि थोरल्यासाठी सहा हिरवी पाकिटं. पाच बॅगेत, एक हातातल्या पिशवीत. शनिवारी सकाळी आठच्या बोटीसाठी त्यांनी आम्हाला साडेसहालाच हॉटेलातून बाहेर काढलं. न्याहारी सातला सुरू होत होती. "थोरल्याला भेटून जेवू," ताई म्हणाल्या. सत्तरीला टेकलेली बाई धक्क्यावर अशी भरभर चालत होती, की सपातांचा फटफट आवाज ऐकून सीगल उडत होते.

बोटीवर सगळी कलाजत्राच भरली होती. गळ्यात महोत्सवाची शिक्क्यांची वही अडकवलेली माणसं. एकेक कलाकृती बघायची आणि एकेक शिक्का मारून घ्यायचा. निम्मी तर आमच्याच गावाकडची होती. कोणी किती शिक्के मिळवले याची चढाओढ सुरू. ताईंनीही वही घेतली होती, कोरी. "पहिला शिक्का थोरल्याचा," त्या म्हणाल्या आणि बोटीच्या नाकाशी जाऊन उभ्या राहिल्या. बायको त्यांच्या सोबतीला गेली. मी पिशव्यांपाशी बसलो. पोटात कावळे ओरडत होते. समुद्रावरचा वारा भूक वाढवतो हे मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. पिशवीतून हिरवा कोपरा दिसत होता. बॅगेत आणखी पाच आहेत, एवढाच विचार माझ्या मनात आला. बॅग हॉटेलात आहे, हा विचार फुगे संपल्यावर आला.

रिकामं पाकीट मी घडी करून खिशात सरकवलं आणि बेट लागलं.

शाळा टेकडीवर होती. ताई पायऱ्या दोन-दोन करून चढत होत्या. "थोरला कुठल्या खोलीत असेल? मास्तरांच्या खोलीला सावली असेल ना?" आणि वर पोचलो तर मास्तरांच्या खोलीला पांढरा पडदा लावलेला. दारावर नम्र पाटी, पाटीवर वाकून क्षमा मागणारं एक चित्र. पायरीवर पेइरोंग गुडघ्यांत डोकं घालून बसलेली.

"मावशी!" ती उठली आणि ताईंच्या गळ्यात पडली. "थोरला गुरुवारपासून बंद आहे. कागद ओढतो, अर्धा खातो आणि खर्रखर्र करून थांबतो. पलीकडच्या किनाऱ्यावरून दुरुस्तीचा माणूस आला होता. त्यानं झाकण उघडून दातांतून हवा आत ओढली."

तिकडे माणसानं दातांतून हवा आत ओढली की आशा सोडावी. पुढचं बोलणं केवळ शिष्टाचार असतो. हा माणूसही या मॉडेलचे सुटे भाग आता कुणी बनवत नाही म्हणाला, तीनदा वाकला आणि बोटीनं परत गेला.

"किती वाजले?" ताईंनी विचारलं.

"साडेनऊ."

"समिती दोनला. भरपूर वेळ आहे. डोळे पूस. पाकीट कुठे आहे?"

"हो, ते..." पेइरोंग चाचरली. "पाकीट मी ठेवलं होतं मावशी. पण..."

पण हामाओका आजोबा होते. हामाओका आजोबा म्हणजे त्या खोलीचे राखणदार. वय एकोणऐंशी, आयुष्यभर मासेमारी, आता महोत्सवाचं निळं जाकीट घालून खुर्चीवर बसायचं आणि वह्यांवर शिक्के मारायचे. नियमांच्या पुस्तकात लिहिलं होतं की कलाकृतीजवळ खाद्यपदार्थ नको. बुधवारी संध्याकाळी आजोबांना यंत्रावर खाऊचं पाकीट दिसलं. कुणी पाहुणा विसरून गेला, बिचारा हळहळत असेल, म्हणून त्यांनी ते हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात जमा केलं. चिठ्ठी चिकटवून: तारीख, वेळ, 'यंत्राच्या वर, डाव्या बाजूस, न उघडलेले'. गुरुवारी सकाळी थोरला बंद.

"बघ!" ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "आणि म्हणे सुटे भाग मिळत नाहीत!"

आजोबांनी कपाट उघडून पाकीट दोन्ही हातांनी ताईंना दिलं. ताईंनी ते उलटं केलं, चष्मा वर सरकवून तारीख वाचली आणि त्यांचा चेहरा थोरल्यापेक्षा गंभीर झाला.

"पेइरोंग."

"काय मावशी?"

"मुदत संपून दीड महिना झालाय."

"मी बघितलंच नाही गं..."

"कोर्टामागच्या गल्लीत वाढलेली पोर तू! शिळं पाकीट डोक्यावर ठेवून तो इतके दिवस चालला हेच त्याचे उपकार. लिआव, पिशवी दे. माझं ताजं आहे."

मी पिशवी दिली. ताईंनी हात घातला. अननसाच्या वड्या निघाल्या, छत्री निघाली, गुडघ्याची पट्टी निघाली. बायकोनं एकदा पिशवीकडे आणि एकदा माझ्या शर्टाकडे बघितलं. शर्टावर पिवळसर चुरा होता. तीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्या बऱ्याच चोऱ्या पकडल्या आहेत, पण इतक्या शांतपणे कधी नाही.

"ताई," ती म्हणाली, "पाकीट यांच्या पोटात आहे."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "यंत्राचा खाऊ खाल्लास, लिआव? औषधवाला ना रे तू?" एवढंच म्हणाल्या. मी रिकामं पाकीट काढून दाखवलं. आत हवा भरून तोंड चिकटवता येईल का, असंही सुचवलं. बायको म्हणाली, "तुम्ही आता काही सुचवू नका."

हे सगळं, थोरला दमट हवेत रुसतो इथपासून, पेइरोंग आजोबांना जपानीत सांगत होती. सहा महिने बेटावर राहून तिची भाषा चांगली झाली होती. आजोबा ऐकत होते. हिरव्या पाकिटापाशी ते थबकले. मग म्हणाले, "पाकीट अन्न नव्हतं?"

"नव्हतं आजोबा. ते... त्याला शहाणं ठेवणारं होतं."

आजोबांनी निळं जाकीट नीट केलं, "पंधरा मिनिटं," म्हणाले आणि टेकडी उतरू लागले.

"आता हे कुठे निघाले?" ताईंनी विचारलं, पण उत्तराची वाट न बघता पडद्यात शिरल्या. सवयीप्रमाणे थेट मागे. तेवढ्यात महोत्सवाच्या सोनोबेबाई कागद अडकवलेली फळी हातात घेऊन धावत आल्या. बाई फार सज्जन. अकरा वेगवेगळ्या प्रकारांनी क्षमा मागून त्यांनी सांगितलं, की कलाकृतीला निर्माता आणि नोंदणी असलेला कारागीर सोडून कुणालाही हात लावता येत नाही.

"पोरी, तिला सांग, बावीस वर्षं मी याची आतडी धुतली आहेत."

पेइरोंगनं सांगितलं. सोनोबेबाईंनी आणखी एकदा क्षमा मागितली आणि फॉर्म पुढे केला. 'कलाकृतीशी नाते' असा रकाना होता. पेइरोंगनं पेन घेतलं आणि लिहिलं: वेंग चाओमेइ, सहनिर्माती.

"काय लिहिलंस?"

"तू माझ्याबरोबरची आर्टिस्ट आहेस असं."

"वेडी की काय! मी झेरॉक्सवाली."

"मावशी, मी ज्या खराब प्रती घरी न्यायचे त्या कुणी काढल्या? दहा वाजून गेलेत. भांडण नंतर कर."

सोनोबेबाईंनी रकाना वाचला, ताईंकडे बघितलं, त्यांच्या सपातांकडे बघितलं, आणि अतिशय आदरानं शिक्का मारला. मोठे कलाकार असेच दिसत असावेत. ताईंच्या गळ्यात 'कलाकार' असा बिल्ला आला. त्या क्षणभर बिल्ल्याकडे बघत राहिल्या, मग तो पाठीवर टाकला, म्हणजे यंत्रात अडकणार नाही, आणि कामाला लागल्या.

मी झाकण धरून उभा होतो. शिक्षाच होती ती. ताईंनी कागदाचा गठ्ठा गालाला लावला. "ओला! समुद्र प्यायलाय हा सगळा." मग कागद ओढणारं रबरी चाक अंगठ्यानं चोळलं. "आणि हे तुझ्या टकलासारखं गुळगुळीत झालंय लिआव. पकडणार कशानं?" बायकोकडे हात पुढे केला. "नखं घासायची कानस आहे?" बायकोनं दिली. ताई चाक घासू लागल्या, हलक्या हातानं, गोल गोल, आणि तोंडानं चालू, "झालं हं राजा. परदेशात आलास, मोठा झालास, आणि असं करायचं का? लोक काय म्हणतील?" गठ्ठा वाळवायचा कसा हा प्रश्न मात्र तसाच होता. बाहेर ढग होते आणि सूर्याला घाई नव्हती.

इतक्यात आजोबा आले. घामाघूम. काखेत एक गाद्या वाळवायचं यंत्र, तिकडे घरोघरी असतं तसं, गरम हवा फुंकणारं. पेइरोंग म्हणाली, की त्यांनी दमट हवेचं ऐकलं तेव्हाच मनात आणलं असणार. आणि दुसऱ्या हातात, रुमालात गुंडाळलेलं, हिरवं पाकीट.

"हे कुठून?" आम्ही चौघं एकदम ओरडलो.

आजोबा थोडे लाजले. महोत्सव सुरू झाला त्या आठवड्यात तैवानची एक बाई त्यांना भेट म्हणून देऊन गेली होती. बोटीचं इंजिन त्रास देतं असं ते सहज बोलले, तर तिनं खुणा करून सांगितलं, इंजिनावर ठेवा. ठेवलं. "तेव्हापासून एकदाही बंद पडलं नाही," आजोबा म्हणाले. "पण मला वाटलं, हे फक्त बोटींसाठी असतं."

ताईंनी पाकीट उलटं केलं. तारीख वाचली. पुढच्या वर्षीचा मार्च. त्या हामाओका आजोबांपुढे इतक्या खाली वाकल्या की पाठीवरचा बिल्ला पुढे येऊन लोंबला.

साडेअकराला गठ्ठा कोरडा झाला. बाराला चाक बसलं. पाकीट थोरल्याच्या डोक्यावर ठेवलं गेलं आणि नेमक्या त्या घडीला सोनोबेबाईंचा चेहरा पुन्हा क्षमा मागू लागला. कलाकृतीजवळ खाद्यपदार्थ. नियम.

मग हामाओका आजोबांनी, ज्यांनी ते पहिलं पाकीट नियमानं उचललं होतं त्यांनीच, घसा साफ केला. "कलाकृतीजवळ नको असा नियम आहे," ते म्हणाले. "कलाकृतीत नको असा नाही."

पेइरोंगनं भिंतीवरची पाटी उतरवली. 'यंत्र, कागद, पाहुण्यांचे हात' असं साहित्य लिहिलेलं होतं. तिनं स्वल्पविराम दिला आणि लिहिलं: हिरवे पाकीट, न उघडलेले. सोनोबेबाईंनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्या क्षणापासून ते पाकीट कलाकृती झालं. त्याला हात लावायलाही आता फॉर्म भरावा लागणार होता. ताई मला म्हणाल्या, "बघ, आता खाऊन दाखव."

दोन वाजता समिती आली. तिघं जण. त्यांच्यात मुख्य म्हणजे आखूड पांढऱ्या केसांची, काठी टेकत चालणारी एक बाई. तिच्या मागून चालताना बाकीचे दोघं पावलंही वाजवत नव्हते. तिनं भिंत बघितली. चारशे हात होते. कोळ्यांचे, पोरांचे, आमच्याकडच्या पाहुण्यांचे, एक तर कुत्र्याचा पंजा. मग काठी पेइरोंगच्या हातात दिली आणि तळहात काचेवर ठेवला.

"जोरात दाबू नका," ताई न राहवून आमच्या भाषेत बोलल्या. "त्याला गुदगुल्या होतात." पेइरोंगनं भाषांतर केलं. बाईंनी हात हलका केला.

उजेड सरकला. पहिली प्रत आली. दुसरी निघाली, अर्धी आली आणि खर्र झालं.

बायकोनं माझं मनगट धरलं. ताईंनी थोरल्याच्या कडेवर, उजवीकडे, दोन बोटांनी टक टक केलं. वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून मी तो आवाज ऐकला होता. ते नेमकं काय असतं हे आज पहिल्यांदा बघितलं. थोरला खाकरला, आणि दुसरी प्रत सुळकन बाहेर आली. काळीभोर, रेघ न् रेघ दिसणारी.

बाई आपल्याच हाताकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग थोरल्याच्या डोक्याकडे. "हे काय आहे?"

पेइरोंगनं सगळं सांगितलं. तिन्ही नियमांसकट. तिसरा सांगताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही, तो तिचा मोठेपणा.

बाईंनी गंभीरपणे मान डोलावली. "मग ते मागे का लपवलं आहे? पुढे हवं."

हामाओका आजोबांनी पांढरे हातमोजे घातले आणि पाकीट चार बोटं पुढे सरकवलं.

निर्णय पावणेचारला आला, आमची बोट साडेचारची. सोनोबेबाई पायऱ्यांवरून धावत येताना दिसल्या तेव्हाच पेइरोंग ओरडली. क्षमा मागायला कुणी अशा उड्या मारत येत नाही. थोरला राहणार होता. कायमचा. फक्त एक अट होती, ती सोनोबेबाईंनी कागदावरून वाचून दाखवली: पाकिटाची मुदत चौदा मार्चला संपते, त्याआधी दरवर्षी सहनिर्मातीनं स्वतः येऊन ते बदलावं.

"स्वतः?" ताईंनी विचारलं.

"स्वतः."

ताईंनी कपाळावर हात मारला. "मार्चमध्ये हाँगकाँग असतं गं!" आणि मग इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. "जाऊ दे. हाँगकाँगला सांगू, मुलाकडे गेलेय."

धक्क्यावर निरोप द्यायला आजोबा आले होते. त्यांची बोट तिथेच बांधलेली होती. ते आता पाकीट नसलेल्या इंजिनाकडे बघत होते. ताईंच्या लक्षात आलं. "हॉटेलात पाच आहेत. उद्या सकाळी पहिल्या बोटीनं आणते. तोवर समुद्रात जाऊ नका, आजोबा." हे त्यांनी हातवारे करून सांगितलं आणि आजोबांना कळलंही.

रविवारी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी न्याहारी करून. बायकोनं मला तीन वाट्या भात खायला लावला. आजोबा धक्क्यावर बसूनच होते. ताजं पाकीट इंजिनावर गेलं, मग दोघं मिळून टेकडी चढली. शाळेपुढे रांग लागली होती. ताईंच्या गळ्यात कलाकाराचा बिल्ला होता, पुढे घुसता आलं असतं. त्या शिक्क्यांची कोरी वही हातात धरून रांगेत उभ्या राहिल्या, सतराव्या. पाळी आली तेव्हा समोर गेल्या आणि तळहात काचेवर ठेवला. दोन प्रती निघाल्या. एक आजोबांनी भिंतीवर लावली आणि वहीत पहिला शिक्का मारला, इतका जोरात की शाई पुढच्या पानावर उमटली.

ताई मागे सरकून भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. मी वाट बघत होतो.

"ताई, आज मागे नाही गेलात?"

"मागचं पाठ आहे रे मला," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळानं, "तिसऱ्या रांगेतले हात फिके आलेत. टोनर हलवायला सांग तिला."